मीटर कुणी नेला

वराळे,
१२ जानेवारी २०२५

कैलास,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते विसरलो म्हणून नाही.

तू माझा नंबर बंद करून ठेवलास. मंगलच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकताच ठेवून देतोस. म्हणून हे पत्र. संगमनेरला लेकीकडं जाऊन बसलास म्हणून पत्ता मिळत नाही असं नसतं. तुझ्या बहिणीच्या, मंगलच्याच वहीतून उतरून घेतला. तिला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

मी माफी मागायला लिहीत नाहीये. एकच विचारायचं आहे. मीटर कुठं आहे?

तू म्हणशील, दाजी अजून तिथंच अडकलेत. हो, अडकलोय. देहूरोडच्या डेपोत तेहतीस वर्षं मिलिटरीच्या गाड्या खोलल्या, जोडल्या. तिथून कधी एक वायसर हरवला नाही. आणि माझ्या स्वतःच्या शेडमधून एअर-फ्लो मीटर जातो? नारळाएवढी ॲल्युमिनियमची पेटी. इंजिनात किती हवा जाते ते मोजणारी. ती नसेल तर पेट्रोल किती सोडायचं ते इंजिनाला कळत नाही, आणि गाडी नुसती ढेकर देऊन बंद पडते. हे माझ्याखेरीज या गावात फक्त तुला माहीत होतं.

एकदा सगळं ओळीनं मांडतो, म्हणजे तुला उत्तर द्यायला सोपं.

लोणावळ्याला तुंगार्लीच्या त्या बंगल्यात तू वायरिंगच्या कामाला गेला होतास. तिथून मला फोन केलास, "दाजी, जुनी बीएमडब्ल्यू हाय. निळी. पुढं चार गोल दिवं, बॉनेट उलटं उघडतंय. सोळा वर्सं जाग्यावरनं हालली न्हाई." मी त्याच दिवशी आलो. सत्याऐंशी सालची, तीनशे अठरा. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं, टाकीत पेट्रोलचा गूळ झालेला, पण दार लावल्यावर आवाज कसा, तिजोरीसारखा. डॅशबोर्ड चालवणाऱ्याकडं तोंड वळवून बसलेला. असं मी आजवर दुसऱ्या कुठल्या गाडीत पाहिलं नाही. मालकांनी आपल्याला ती दिली, कारण ते म्हणाले, भंगारवाल्यापेक्षा तुम्ही दोघं बरे.

दोन वर्षं आपण दोघांनी ती उभी केली. तुझं वायरिंग, माझं इंजिन. हे मी नाकारत नाही.

ऑक्टोबरात ती सुरू झाली. आपण पवनेच्या रस्त्यानं चक्कर मारायला निघालो. मी चालवत होतो, तू शेजारी. आणि धरणाच्या अलीकडच्या वळणावर, काहीही कारण नसताना, तू स्टिअरिंगला हात घातलास. गाडी गवतात गेली. मी विचारलं तर तू म्हणालास, "दाजी, तुमी समोर बघत व्हता, पन तुमी न्हवता."

याचा अर्थ काय? माझे डोळे उघडे होते हे तूच म्हणालास. मग नव्हतो म्हणजे काय?

परत येताना तू म्हणालास, ही गाडी तुमी चालवू नका. घरी येऊन मंगललाही तेच सांगितलंस. मी तेव्हाच समजलो. दोन वर्षं वायरी जोडल्यावर माणसाला वाटणारच की गाडी आपली आहे.

पुढच्याच रविवारी मी मीटर साफ करायला काढून बाकावर ठेवला. शेडमध्ये तू आणि मी. मंगलनं चहा आणला. चहा घेऊन वळलो तर मीटर नाही, आणि तूही पिशवी उचलून फाटकाकडं निघालेला. चहा तेवढा गार कसा झाला होता, ते मला आठवत नाही. ते सोड.

फाटकात तुझी पिशवी उघडायला लावली. डेपोत रोज संध्याकाळी सगळ्यांची उघडतात, साहेबाचीसुद्धा. तिच्यात टेस्टर, डबा, आणि डाव्या दाराचं नवं रबर निघालं. ते रबर तू आणलंस हे मला का सांगितलं नव्हतंस? तुला ते मला द्यायचं होतं, असं मंगल म्हणते. मला पटत नाही. द्यायची वस्तू माणूस तळाशी ठेवत नाही.

मीटर दे. बाकीचं मग बघू.

भिमाजी


वराळे,
२ फेब्रुवारी २०२५

कैलास,

उत्तर नाही. ठीक आहे. ज्याच्याकडं उत्तर नसतं तो पत्र लिहीत नाही.

पण एक गोष्ट तुला सांगितली पाहिजे, नाहीतर मी अन्याय केला असं होईल. तू गेल्यावरही शेडमधून वस्तू जातायत. दहा नंबरचा पाना गेला. ब्रेकच्या कॅलिपरची पिन गेली. परवा रेडिओवर बातम्या लावल्या होत्या; मान वर केली तर भजन चालू. स्टेशन कुणी बदललं?

म्हणून मी दोन गोष्टी केल्या. शेडच्या दाराला बाहेरून काळा धागा बांधला, आणि उंबऱ्याच्या आत पिठाचा हात मारला, डोळ्यांना दिसणार नाही इतका. चार दिवस. धागा तुटला नाही. पिठात ठसे उमटले ते फक्त माझ्या चपलांचे. म्हणजे चोर माझ्याच चपला घालून येतो. इतका हुशार माणूस आपल्या ओळखीत कोण आहे, याचा विचार चालू आहे.

बहिरूवर संशय आहे. तुला माहीतच आहे, तुंगार्लीच्या बंगल्याचा राखणदार, आपल्याला गाडी दाखवली तो. मागच्या आठवड्यात गाडी बघायला म्हणून आला. सोळा वर्षं तिच्या सावलीत कोंबड्या बांधल्या म्हणाला, आता कशी दिसते ते बघू दे. मला तो आलेला कळलाच नाही. एकदम पुढ्यात उभा. मी दचकलो, ओरडलो. तर मलाच म्हणतो, "मालक, मी मगाधरनं हाका मारतोय. तुमी बघताय माज्याकडं, पन व्हय न्हाई का न्हाय न्हाई." असं बोलून माणसाला गोंधळात टाकायचं आणि तेवढ्यात हात साफ करायचा. तो गेल्यावर मी सगळं तपासलं. काही गेलं नव्हतं. पण म्हणून तो सुटत नाही.

दुसरा आकाश. तू त्याला ओळखत नाहीस. लोणावळ्याचा आहे, घरचं लॉज आहे, आणि नव्वदीतल्या दोन बीएमडब्ल्यू स्वतः हातानं सांभाळतो. जुन्या गाड्यांच्या पोरांचा मोबाईलवर गट आहे, तिथून माझा पत्ता काढून आला. मुलगा बोलायला बरा. मीटरचं ऐकून म्हणाला, "काका, माझ्याकडं एक जास्तीचा पडलाय, घेऊन येतो." आणि आणला. पैसे नको म्हणाला.

फुकट कोण देतं?

मी त्याच्यावरचा नंबर तपासला. माझ्या वहीत आपल्या मीटरचा नंबर लिहिलेला होता. तोच! शेवटच्या आकड्यापर्यंत तोच. मी त्याला उभं करून विचारलं. तो हसायला लागला. म्हणाला, काका, हा मॉडेलचा नंबर, या इंजिनाच्या सगळ्या मीटरांवर जगभर हाच असतो. त्याचं म्हणणं बरोबर आहे, मला माहीत होतं. तरी मी रात्री झोपताना विचार करत होतो की बरोबर बोलून माणूस काय काय लपवू शकतो.

त्याला तू पाठवलंस का? एवढंच हो किंवा नाही लिही.

भिमाजी


वराळे,
२४ फेब्रुवारी २०२५

कैलास,

तुझ्याशिवाय गाडी सुरू झाली. कळवावं म्हणून कळवतो.

काल रविवारी सकाळी बाहेर काढली. आकाशचा मीटर बसवला, त्यातल्या हवा अडवणाऱ्या पाकळीची स्प्रिंग दोन दाते सैल केली, आणि इंजिन असं लागलं की बाकावरचा चहाचा कप हलला नाही. मंगलला म्हटलं, चल, लोणावळ्यापर्यंत जाऊन येऊ. ती म्हणाली, "मी न्हाई बसायची." का? तर नुसतं, नाही. तुझ्या बहिणीनं बत्तीस वर्षांत मला 'न्हाई' किती वेळा म्हटलं ते एका हातावर मोजता येईल. आणि आता तुझ्या बाजूनं म्हणते. म्हणजे तुमचं बोलणं होतं. होतं ना?

एकटा गेलो. जुन्या हायवेनं. तळेगाव, वडगाव, कान्हे. तिसऱ्या गियरमध्ये ती काय ओढते, तुला सांगून उपयोग नाही. वलवणला टपरीवर चहा प्यालो आणि वळलो तर पुढचा डावा इंडिकेटर फुटलेला, फेंडरला लांब ओरखडा. उभ्या गाडीला ठोकून कुणीतरी निघून गेलं. मी पार्किंगवाल्याला धरलं. तो म्हणाला, "काका, तुमी आला तवाच फुटलेला व्हता." सगळ्यांचं हेच. सगळ्यांना माझ्यापेक्षा जास्त दिसतं.

बाकी काही झालं नाही. गाडी उत्तम आहे.

भिमाजी


वराळे,
१० मार्च २०२५

कैलास,

थोडक्यात लिहितो, कारण घरात आहे.

पत्रं मी पोस्टात स्वतः टाकतो, तरी मंगलला ती माहीत आहेत. काल म्हणाली, "त्याला कशाला तरास देता?" म्हणजे तू सांगितलंस. किंवा तिनं माझी वही बघितली.

शेडची दुसरी किल्ली तिच्याकडं आहे. चहा घेऊन येते तीच. तुझी बहीण आहे तीच. गाडी मी चालवू नये असं तुला वाटतं तसं तिलाही वाटतं. मीटर पिशवीत नव्हता, कारण तो तुझ्याकडं नव्हताच, पदराखाली गेला. हे मला आधी कसं सुचलं नाही?

स्नेहल तळेगावहून आली होती. तिला सांगितलं, शेडमध्ये उंदीर झालेत, कॅमेरा बसवून दे. लेक शाळेत शिकवते, तिला हे सगळं येतं. काल बसवून दिला, गाडीच्या वरच्या वाशाला. आवाजही येतो म्हणाली. मंगलला माहीत नाही.

आठ दिवसांत चोर सापडेल. तो घरातला निघाला तर पुढं कसं करायचं, ते कळत नाही.

भिमाजी


वराळे,
१६ मार्च २०२५

कैलास,

चोर सापडला.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. जसं दिसलं तसं लिहितो, त्यात माझं काही घालत नाही.

गुरुवारची दुपार. तीन वाजून चाळीस मिनिटं. मी स्टुलावर बसलोय, मांडीवर कॅलिपर, हातात ब्रश. ब्रश थांबतो. मी समोर बघतोय. तोंड हलतंय, काही चघळल्यासारखं. उजवा हात शर्टाच्या बटणावर, बटण चाचपतोय, पुन्हा पुन्हा. मला वाटलं मोबाईल अडकला. पण मागं पंखा फिरत होता.

मग दारातून मंगल येते. कप ठेवते. काहीतरी सांगते, स्नेहलच्या पोराच्या तापाचं. मी तिच्याकडं बघतो आणि बोलत नाही. ती थांबते. मग म्हणते, ते स्पष्ट ऐकू येतं, "अवो, बोला की. माजं काय चुकलं?" मी तिच्या तोंडाकडं बघतोय आणि बटण चाचपतोय. ती पदरानं डोळे पुसते आणि जाते.

ती गेल्यावर मी उठतो. बाकावरचा तेरा नंबरचा पाना घेतो, फडक्यानं पुसतो, मागच्या भिंतीकडं जातो. म्हैस होती तेव्हाचं पेंडीचं पिंप आहे ना, त्याचं झाकण उचलून पाना आत ठेवतो. झाकण लावतो. परत स्टुलावर येऊन बसतो. थोड्या वेळानं कॅलिपरकडं बघतो, चहाला हात लावतो, गार. इकडंतिकडं पाना शोधतो. मग दारात जाऊन ओरडतो, "कोण आलं होतं?"

हे सगळं मी काल दुपारी अंगणात बसून, मोबाईल हातात धरून बघितलं. उठून पिंपाशी गेलो. माझे पाय नीट चालत होते, ते मला विचित्र वाटलं.

पिंपात दहा नंबरचा पाना होता. पिन होती. माझा चष्मा होता, ज्याच्यासाठी मी स्नेहलच्या पोराला बोललो होतो. आणि तळाशी, फडक्यात, मी जशी गाठ मारतो तशीच गाठ मारलेला, आपला मीटर.

तू खरं बोलला होतास. मी समोर बघत होतो, पण मी नव्हतो.

मंगल गेलं वर्षभर समजत होती की मी तिच्यावर रागावून बोलत नाही. तिनं मला कारण विचारलं नाही, कारण मला विचारलं की मी खेकसतो. मी तिला व्हिडिओ दाखवला. तिनं पूर्ण बघितला नाही. मधेच मोबाईल उलटा ठेवला आणि म्हणाली, "म्हंजी तुमी माज्यावर रागावला न्हवता." तिला त्याचं बरं वाटलं, कैलास. मला दुसरंच काहीतरी होतंय आणि तिला बरं वाटलं.

आणखी काही लिहिता येत नाही.

भिमाजी


वराळे,
६ एप्रिल २०२५

प्रिय कैलास,

पुण्यात डॉक्टरांना दाखवलं. व्हिडिओ त्यांनी दोनदा बघितला. मशीनमध्ये घातलं, डोक्याला वायरी लावल्या. हा फिटचाच एक प्रकार आहे म्हणाले. माणूस पडत नाही, झटके येत नाहीत, नुसता मिनिट-दोन मिनिटं हरवतो. मग शुद्ध पुरती येईपर्यंत हात आपल्या सवयीचं काम करत राहतात, आणि नंतर काही आठवत नाही. मेंदूत एक जुना व्रण आहे. कधीचा, सांगता येत नाही. गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी बऱ्याच जणांना फरक पडतो, असं म्हणाले. गाडी बंद. स्कूटरसुद्धा. विहिरीच्या कडेला एकट्यानं जायचं नाही.

मी डॉक्टरांना विचारलं, "मला न कळता हे वर्षभर कसं चाललं?" ते म्हणाले, "तुम्हाला कळणारच नाही. आसपासच्या माणसांना कळतं. त्यांनी कुणी सांगितलं नाही का?"

मंगल शेजारी बसली होती. मीच म्हणालो, सांगितलं होतं.

फाटकात तुझी पिशवी उघडायला लावली, तेव्हा शेजारचा हौशीराम कुंपणापलीकडं उभा होता. त्याला मी काल बोलावून सांगितलं की मीटर माझ्याच हातानं ठेवला गेला होता, कैलासनं नेला नव्हता. बहिरूला तुंगार्लीला जाऊन सांगितलं. त्याला तर माहीतच नव्हतं की मी त्याच्यावर संशय घेतला. आकाशला त्याचा मीटर परत दिला. तिघांना सांगणं जमलं. तुला सांगायचं तर कुठून सुरू करायचं ते कळत नाही. पिशवीतून टेस्टर, डबा, रबर बाहेर काढताना तुझे हात थरथरत होते. मी ते चोराचे हात समजलो. मेहुण्याचे, मित्राचे, सत्तावन्न वर्षांच्या माणसाचे हात, मी ते तसे समजलो.

माफ कर, असं लिहायला मला माझा पुरता अधिकार वाटत नाही, पण लिहितो. माफ कर.

डाव्या दाराचं रबर मंगलनं जपून ठेवलं होतं. ते मी बसवलेलं नाही.

भिमाजी


वराळे,
२७ एप्रिल २०२५

प्रिय कैलास,

तुझ्या लेकीनं, प्रेरणानं फोन करून मंगलला सांगितलं की तू सगळी पत्रं वाचलीस आणि येत्या रविवारी येतोयस. मंगल दोन दिवस घर झाडतेय. मीही खूश आहे. पण येण्याआधी तुला एक गोष्ट सांगायला हवी. ती ऐकूनही यावंसं वाटलं तर ये.

फेब्रुवारीत लोणावळ्याला गेलो होतो, ते पत्र आठव. त्यात मी लिहिलं, बाकी काही झालं नाही. खोटं होतं. फुटलेल्या इंडिकेटरखाली, बंपरच्या खाचेत, निळ्या ताडपत्रीची चिंधी अडकली होती. वलवणला मी ती बोटांनी ओढून काढली, बघितली, आणि गटारात टाकली. उभ्या गाडीला ठोकणाऱ्याच्या गाडीतून ताडपत्रीची चिंधी कशी येईल, हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता. मी तो मनात टिकू दिला नाही.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, मागं असं कधी कधी झालं असेल ते आठवून लिहा. लिहायला बसलो. त्या दिवशीचं कामशेत आठवतं. त्यानंतर आठवतो तो कार्ला फाटा. मधला रस्ता नाही. धूसर वगैरे नाही, नाहीच.

मी मंगलला म्हणालो, मला त्या रस्त्यानं चालत जायचंय. तिनं विचारलं नाही कशाला. चप्पल घातली. लोकलनं मळवलीला उतरलो, जुन्या रस्त्याला लागलो आणि कामशेतच्या दिशेनं कडेकडेनं चालत निघालो. ऊन होतं. गाड्या जात होत्या, प्रत्येक गाडीला मी बाजूला सरत होतो.

अर्ध्या-पाऊण तासानं एक टपरी दिसली. चार बांबू, वर निळी ताडपत्री. तीन बांबू काळवंडलेले, रस्त्याकडचा एक नवा, पिवळा. ताडपत्रीच्या कोपऱ्याला ठिगळ. खाली एक म्हातारी, कैऱ्या आणि करवंदं घेऊन बसलेली. शेजारी तीनेक वर्षांची पोरगी मीठ लावून कैरी खात होती.

"मावशी, हा बांबू नवा दिसतोय," मी म्हणालो.

"व्हय. शिवरात्रीच्या आधल्या रैवारी गाडीनं उडवला."

"कुणाला लागलं का?"

"देवाची किरपा. ही रोज हितं निजती," तिनं त्या नव्या बांबूच्या बुडाशी बोट केलं. "त्या दिवशी तिला ओढ्याकडं घेऊन गेलते, परसाकडला. येतोय तर बोरांची टोपली रस्त्यावर, आन् हिची गोधडी त्या तितवर वढत नेलेली. निळी गाडी व्हती. थांबली न्हाई. मागं वळून बघितलं बी न्हाई बाबानं."

मंगलनं माझा दंड धरला. इतका घट्ट, की अजून दुखतो.

मी म्हणालो, "मावशी, ती गाडी माझी. मी चालवत होतो."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं पोरीला ओढून आपल्या पाठीमागं घेतलं. मी तिथं रिकाम्या हातांनी उभा होतो, चालत आलेला, आणि तिनं पोरीला पाठीमागं घेतलं.

"मग आज कशाला आला?"

"सांगायला."

"सांगून मी काय करू?"

मंगलनं तिला सगळं सांगितलं, आजाराचं, गोळ्यांचं, मला न कळण्याचं. म्हातारीचं नाव बायडाबाई, वरच्या डोंगरातल्या वाडीची. तिनं मंगलचं ऐकून घेतलं, मान हलवली. म्हणाली, "आजार आसंल बाई. पन पोरगी तितंच निजती, त्येचं काय?"

मी म्हणालो, टपरी रस्त्यापासून आत सरकवून देतो, मी आणि माझा मेहुणा. तुला न विचारता तुझं नाव घेतलं. ती म्हणाली, "बांबू हायेत माज्याकडं. तुमी गाडी चालवू नका, बास."

"नाही चालवणार."

"खरं कशावरनं?"

कैलास, गेले सहा महिने हा प्रश्न मी सगळ्यांना विचारला. तुला, बहिरूला, आकाशला, वलवणच्या पार्किंगवाल्याला, मनातल्या मनात मंगलला. मला पहिल्यांदा कुणीतरी विचारला, आणि दाखवायला माझ्याकडं काही नव्हतं. शेवटी मंगल म्हणाली, "किल्ली माज्याकडं हाय, मावशी." बायडाबाईनं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं नाही, आणि म्हणाली, "मग ठीक."

परत येताना कामशेतला पोलीस चौकीत गेलो आणि जे झालं ते लिहून दिलं. त्याचं काय होईल ते माहीत नाही. लायसन्स परत करायचा अर्जही टाकलाय.

म्हणजे आता सगळं तुझ्यासमोर आहे. पवनेच्या वळणावर तू हात घातला नसतास तर आपण दोघं धरणात असतो. लोणावळ्याच्या रस्त्यावर हात घालायला शेजारी कुणी नव्हतं, कारण त्याला मी आधीच हाकलून दिलं होतं. पोरगी वाचली त्यात माझा काही वाटा नाही.

गाडी शेडमध्ये आहे. मीटर अजून बाकावर आहे, तू आल्यावर बसवू. डॉक्टर म्हणाले, शेजारी कुणी असेल तर हातानं काम करायला हरकत नाही. चालवायची असेल तर ती तुझी. मी बाहेर उभा राहून इंजिन ऐकेन, तेवढं मला पुरतं. आणि नको वाटली तर आकाशला देऊन टाकू, तो सांभाळेल. हे तू ठरव. एकट्यानं ठरवणं मी सोडलं.

मागच्या डाव्या चाकाचा सिलिंडर गळतोय, तोही बघायचाय. येताना संगमनेरहून

वरची ओळ अर्धी राहिली. येताना काय आण म्हणून सांगणार होतो, ते आता आठवत नाही. मंगल समोर बसून लसूण सोलतेय. तिनं माझ्या हातातलं पेन सरळ केलं आणि म्हणाली, "आता गेला व्हता तुमी."

मी विचारलं, "किती वेळ?"

"चार पाकळ्या सोलस्तवर. मी हात धरून व्हते."

मला वाटत होतं मी सलग लिहीत होतो. घड्याळ भिंतीवर समोरच होतं. मी बघितलं नाही. बरं म्हणालो.

भिमाजी